प्रस्तावना : कामाची रीत कामावरून ठरवावी

थळच्या बंदरावरून समुद्राकडे पाहिले की दोन बेटे दिसतात. जवळचे उंदेरी, पलीकडचे खांदेरी. खांदेरीवर शिवाजी महाराजांच्या आरमाराने 1679 मध्ये इंग्रजांच्या तोफांना तोंड देत तटाचे काम सुरू केले. बंदराकडून जमिनीच्या बाजूला वळले की राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना आहे. सारा अलिबाग तालुका त्याला नुसते 'आरसीएफ' म्हणतो. तो उभा राहिला 1980 च्या दशकात. एकाच गावच्या परिसरातली ही दोन मोठी कामे, पण ती उभारण्याची रीत एकमेकांच्या अगदी उलट होती. कारखान्याचा एकेक नट आधी कागदावर उतरला आणि मग जागेवर बसला. खांदेरीचा तट मात्र रोज जेवढा जमेल तेवढा चढत गेला, आणि उद्या काय करायचे हे आज समुद्रात काय घडले यावर ठरले. दोन्ही कामे तडीस गेली. रीत बदलली असती तर दोन्ही फसली असती, असे माझे ठाम मत आहे. या पुस्तकाचा विषय त्या मतातूनच निघाला आहे.

प्रकल्प हाताळण्याच्या पद्धतींवर हल्ली पुष्कळ बोलले जाते. पारंपरिक, अ‍ॅजाइल आणि हायब्रिड ही तीन नावे सॉफ्टवेअर कंपन्यांतून निघून बांधकाम, औषधनिर्मिती, सरकारी खाती आणि स्वयंसेवी संस्थांपर्यंत पोहोचली आहेत. बोलणे वाढले तशी निवड मात्र सोपी झालेली नाही. कुणी नवेपणाच्या हौसेने अ‍ॅजाइलचा झेंडा खांद्यावर घेतो. कुणी 'आपल्याकडे हे चालायचे नाही' म्हणून जुन्या तक्त्यांना चिकटून राहतो. दोघेही काम पाहण्याआधी रीत ठरवून मोकळे होतात. कामाची रीत ही निष्ठेची गोष्ट नव्हे. तिची निवड करताना काम काय आहे, त्यातले आज किती ठाऊक आहे आणि चुकल्यावर ते उलटवायला किती किंमत पडेल, हे पाहावे लागते.

आधी पारंपरिक पद्धत घेऊ. काय करायचे ते सुरुवातीलाच पूर्ण ठरवायचे, कामाचे तुकडे पाडायचे, कोणता तुकडा कुणाआधी आणि कुणानंतर हे मांडायचे, वेळ आणि पैसा बांधून घ्यायचा आणि मग आराखड्याबरहुकूम चालायचे. हेन्री गँट यांचे पट्ट्यांचे तक्ते गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रूढ झाले. 1957 च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत 'क्रिटिकल पाथ' ही रीत आकाराला आली. कोणत्या कामांची साखळी लांबली तर सगळा प्रकल्प लांबेल, हे ती गणिताने दाखवते. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कार्यक्रमासाठी 'पर्ट' ही तशीच रीत वापरली. ही हत्यारे रासायनिक कारखाना, जहाज, धरण, क्षेपणास्त्र अशा कामांतून घडली. तिथे मध्येच मन बदलले तर किंमत फार मोठी असते.

थळचा कारखाना त्याच जातीचा. 1978 मध्ये आरसीएफ ही स्वतंत्र कंपनी झाली आणि समुद्रातल्या बॉम्बे हाय क्षेत्राच्या वायूवर खत बनवणारा कारखाना थळ-वायशेत येथे उभारायचे ठरले. दिवसाला 1350 टन अमोनियाचे दोन संच आणि 1500 टन युरियाचे तीन संच, असा त्याचा मूळ आवाका होता. या कामात क्रम माणूस ठरवत नाही, रसायनशास्त्र ठरवते. नैसर्गिक वायू रिफॉर्मरच्या नळ्यांत सुमारे 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. पुढे वायू शुद्ध होतो आणि वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाबाखाली अमोनिया तयार होतो. त्याच प्रक्रियेत निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया मिळून युरिया होतो. म्हणजे अमोनियाचा संच चालू नसेल तर युरियाचा संच नुसता उभा राहणार. इतका दाब झेलणारी जाड पोलादाची पात्रे बाजारात तयार मिळत नाहीत. त्यांची मागणी फार आधी नोंदवावी लागते आणि ती येऊन बसतील तो पाया त्यांच्या मापानेच घालावा लागतो. वेल्डिंगच्या जोडांची रेडिओग्राफी होते, नळ्या पाण्याच्या दाबाने तपासल्या जातात, मगच त्यांत वायू सोडतात. 'आधी चालवून पाहू, मग सुधारू' हे वाक्य इथे जिवावर बेतते.

यातली एकच गोष्ट जवळून पाहा. युरियाच्या कारखान्यात प्रिलिंग टॉवर असतो. वितळलेला युरिया त्याच्या माथ्यावरून थेंबांच्या रूपात सुटतो, खालून वर जाणाऱ्या हवेत थिजतो आणि तळाशी दाणे होऊन पडतो. असे उंच काँक्रीटचे टॉवर बहुधा स्लिपफॉर्म पद्धतीने बांधतात. शटरिंग जॅकवर इंचाइंचाने वर सरकत राहते आणि काँक्रीट रात्रंदिवस अखंड ओतले जाते. हात थांबला तर त्या जागी कच्चा जोड राहतो. सिमेंट, खडी, सळई, पाणी, वीज, मजुरांच्या पाळ्या, डॉक्टर, जनरेटर हे सगळे पहिली बादली ओतण्याआधी ठरलेले असावे लागते. काम सुरू झाल्यावर टॉवरचा व्यास बदलावा असे कुणाला वाटले तर त्याचा काही उपयोग नाही. अशा ठिकाणी पारंपरिक पद्धतीची शिस्त जाच वाटत नाही, तिचाच आधार वाटतो.

मात्र या पद्धतीची दुखरी नसही थळनेच दाखवली. सगळे आधी ठरवायचे म्हटले की 'आधी' जे ठरते त्यावर फार भार येतो. हा कारखाना मुंबईच्या इतक्या जवळ असावा का, यावरून पर्यावरणाच्या अंगाने मोठा वाद झाला. पुढे केंद्रात सरकार बदलले, तंत्रज्ञान सल्लागाराची आधीची निवड फिरवली गेली आणि जागतिक बँकेने या प्रकल्पाचे कर्ज काढून घेतले. जागा, तंत्रज्ञान आणि पैसा हे तीन निर्णय डळमळीत असताना बाकीचा तक्ता कितीही नेटका काढला तरी तो कागदावरच राहतो. म्हणून पारंपरिक पद्धत निवडणाऱ्याने पहिला कस सुरुवातीच्या निर्णयांना लावावा. ते पक्के नसतील तर त्यांच्यावर पुढच्या तारखा टांगू नयेत.

आता खांदेरीकडे वळू. 1679 चा पावसाळा सरत असताना महाराजांचा सरदार मायनाक भंडारी दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचे ठाणे झाले तर बंदराची मान त्यांच्या हाती जाईल, हे इंग्रजांना लगेच कळले. त्यांनी जहाजे धाडून बेटाची नाकेबंदी केली. 19 सप्टेंबरला त्यांनी केलेला हल्ला परतवला गेला आणि त्यांचा अधिकारी थॉर्प मारला गेला. 18 ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखालच्या मराठी आरमाराने इंग्रजी ताफ्यावर चाल केली. इंग्रजांचे 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले, पण 'रिव्हेंज' या जहाजावरून कीग्विन आणि मिंचिन नेटाने लढले आणि मराठी गलबतांना मागे हटावे लागले. नोव्हेंबरात मराठ्यांचा वैरी सिद्दी याचे आरमार इंग्रजांच्या जोडीला आले. जानेवारी 1680 मध्ये सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाणे मांडले. त्याच सुमारास इंग्रजांनी आपली जहाजे माघारी नेली. खांदेरी मात्र मराठ्यांकडेच राहिली.

या घडामोडींत बांधकाम कसे चालले ते पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला दगडमातीचा बांध घातला गेला, आडोसा मिळेल आणि तोफ ठेवता येईल इतकाच. तेवढ्याने त्याच दिवसापासून बेट लढवता येऊ लागले. पुढे समोरच्या किनाऱ्यावरून धान्य, दारूगोळा आणि माणसे रात्री लहान होड्यांनी येत राहिली. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना वारा लागे. मराठ्यांच्या होड्या वल्ह्यांवर चालत आणि उथळ पाण्यातून निसटत. किती माल पोहोचला यावर पुढचे काम ठरे. नाकेबंदी कुठे सैल आहे हे पाहून होड्यांची वेळ ठरे. पूर्ण तटबंदीचा नकाशा आधी काढायचा, सगळे साहित्य जमवायचे आणि मग एका हंगामात बांधून काढायचे, अशी सवड कुणालाच नव्हती. त्या दगडमातीच्या बांधाच्या जागी पुढे बुरुजांची तटबंदी झाली. मराठी आरमाराची धुरा सांभाळणाऱ्या आंगऱ्यांच्या काळात, 1718 मध्ये, इंग्रजांनी तिच्यावर मोठी चाल केली आणि ते हात हलवत परतले. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत खांदेरी आहे.

शिवाजी महाराजांनी अ‍ॅजाइल वापरले, असा दावा मी करणार नाही. तो इतिहासावर अन्याय होईल. पण अ‍ॅजाइलला ज्या परिस्थितीत धार येते ती परिस्थिती खांदेरीवर होती. हेतू स्पष्ट होता, वाट अनिश्चित होती, पहिला तुकडा लगेच उपयोगी पडणारा होता आणि निर्णय घेणारा माणूस कामाच्या जागी हजर होता.

आजचे अ‍ॅजाइल सॉफ्टवेअरच्या अडचणीतून आले. 1970 मध्ये विन्स्टन रॉयस यांनी आपल्या निबंधात टप्प्यामागून टप्पा असे चित्र काढले. अशा सरळ उतरंडीत धोका आहे, हेही त्याच निबंधात लिहिले. लोकांनी चित्र उचलले आणि इशारा सोडून दिला. पुढची तीस वर्षे कित्येक प्रकल्पांत दोन-दोन वर्षे खपून केलेली प्रणाली ग्राहकाला दाखवली की तो म्हणे, 'आम्हाला हे नको होते.' 1986 मध्ये ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी नवी उत्पादने घडवणाऱ्या, एकजुटीने पुढे सरकणाऱ्या लहान गटांचे वर्णन केले. 1995 मध्ये श्वेबर आणि सदरलँड यांनी लहान गटांनी लहान टप्प्यांत काम करण्याच्या 'स्क्रम' या रीतीची मांडणी लोकांसमोर ठेवली. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जणांनी एकत्र येऊन अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्याचा गाभा साधा आहे. लहान टप्प्यांत काम करा, प्रत्येक टप्प्याला वापरता येईल असे काही हातात द्या, वापरणाऱ्याला दाखवा, त्याचे ऐका आणि पुढचा टप्पा त्यावरून ठरवा. आराखडा नको असे त्या जाहीरनाम्यात कुठेही म्हटलेले नाही. आराखड्यालाही मोल आहे, बदलाला उत्तर देण्याला अधिक मोल आहे, एवढेच तो सांगतो.

यातली एक युक्ती थळच्या कोळीवाड्याला नवी नाही. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बोटी वर घेतात, शाकारतात आणि दुरुस्तीला लागतात. नवा हंगाम कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे तारीख पक्की. काम किती निघेल हे मात्र बोट उघडल्यावरच कळते. एखादी फळी वरून धड दिसते आणि आतून कुजलेली निघते. मग क्रम लागतो. पाणी आत येऊ न देणारी कामे आधी, त्यानंतर मशीन, शाफ्ट आणि पंखा, रंगरंगोटी शेवटी. वेळ संपली तर रंग राहतो, सांधे राहत नाहीत. अ‍ॅजाइलमध्ये टप्प्याचा कालावधी बांधून घेतात आणि कामाची यादी महत्त्वाप्रमाणे लावतात, त्यामागचा विचार हाच. ज्याला सगळेच पहिल्या क्रमांकाचे वाटते त्याला ही पद्धत पेलणार नाही.

तिसरी वाट हायब्रिडची. एकाच प्रकल्पाच्या काही भागांना पारंपरिक शिस्त लावायची आणि काही भाग टप्प्याटप्प्याने घडू द्यायचे. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या कामांना हीच वाट लागू पडते, कारण त्यांत यंत्रे असतात आणि माणसेही असतात. कारखान्याचा पाया आधी ठरवता येतो. ज्याची जमीन गेली त्याचे पुढचे आयुष्य आधी ठरवता येत नाही. रायगड जिल्ह्याला 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सिडको या सरकारी महामंडळाने नवी मुंबईची आखणी केली तेव्हा रस्ते, सेक्टर आणि भूखंड नकाशावर नेटके होते. जमीन देणाऱ्या गावांचे म्हणणे त्या नकाशात मावले नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. विकसित भूखंडाचे साडेबारा टक्क्यांचे धोरण त्या लढ्यातून आले. गावकऱ्यांचे म्हणणे पहिल्या दिवसापासून टप्प्याटप्प्याने ऐकले जाऊन आराखड्यात उतरत गेले असते, तर इतकी किंमत मोजावी लागली नसती. पुनर्वसन, स्थानिकांचे प्रशिक्षण, रोजगार, गावाशी संवाद हे प्रकल्पाचे भाग वारंवार विचारून, करून आणि सुधारूनच पुढे न्यायचे असतात. त्यांना पायाच्या काँक्रीटसारखी एकदाच तारीख टाकून चालत नाही.

हायब्रिडचा गैरवापरही तितकाच सोपा आहे. दोन्हीकडची बंधने टाळायची आणि दोन्हीकडची सवलत घ्यायची, याला काही जण हायब्रिड म्हणतात. आराखडा कच्चा आणि वापरणाऱ्याला दाखवणेही नाही, अशी ती स्थिती असते. खऱ्या हायब्रिडमध्ये सांधा कुठे आहे हे लिहून ठेवलेले असते. कोणता भाग गोठवला, कोणता खुला ठेवला, खुल्या भागातला बदल गोठवलेल्या भागाला भिडला तर निर्णय कुणाचा, ही तीन उत्तरे कागदावर नसतील तर पहिल्याच अडचणीला भांडण ठरलेले.

मग निवड कशी करावी? बॅरी बेम आणि रिचर्ड टर्नर यांनी या प्रश्नावर पाच कसोट्या सुचवल्या आहेत. गट केवढा आहे, चूक झाल्यास काय गमावू, गरजा किती वेगाने बदलतात, माणसे किती तयार आहेत आणि संस्थेला मोकळीक मानवते की शिस्त. त्यांच्या जोडीला मी आपल्या मातीतल्या दोन कसोट्या ठेवतो. पहिली, अर्धे काम उपयोगी पडते का? खांदेरीचा अर्धा बांध लढत होता, अर्धा अमोनिया संच काहीच देत नाही. दुसरी, करार काय म्हणतो? सरकारी कामात प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका अशी वाट असते. देयक निघते ते मोजलेल्या बाबींचे. अशा करारावर सही करून 'आम्ही दर पंधरवड्याला काम बदलत जाऊ' असे म्हणणारा ठेकेदार आणि अभियंता दोघेही अडचणीत येतात. टप्प्याटप्प्याने शिकत जायचे असेल तर त्याची जागा निविदा काढण्यापूर्वीच करावी लागते. आधी लहान प्रायोगिक काम, त्यातून मिळालेले माप आणि मग मोठी निविदा.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कोणतीही रीत निर्णयाचा अधिकार आणि रसद यांवाचून चालत नाही. पद्मदुर्ग या महाराजांच्या दुसऱ्या सागरी किल्ल्याचे काम चालू असताना तिथे पैसा आणि धान्य पोहोचले नाही, म्हणून जानेवारी 1675 मध्ये महाराजांनी प्रभावळीच्या सुभेदाराला खरमरीत पत्र लिहिले. शत्रूच्या तोंडासमोर काम करणाऱ्या माणसांना उपाशी ठेवणारा अधिकारी शत्रूलाच सामील ठरतो, असा त्या पत्राचा आशय आहे. आज कितीतरी कार्यालयांत रोज सकाळी गट उभा राहून बैठक घेतो, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावतो, पण साध्या खरेदीच्या मंजुरीसाठी तीन आठवडे वरच्या सहीची वाट पाहतो. तिथे अ‍ॅजाइलचे विधी चालतात, अ‍ॅजाइल चालत नाही. आणि तक्ता दर महिन्याला मागील तारखेने दुरुस्त करून वर पाठवला जात असेल, तर तिथे पारंपरिक पद्धतही उरलेली नसते.

हे पुस्तक प्रकल्प चालवणाऱ्या मराठी माणसासाठी आहे. त्यात कारखान्यातला तरुण अभियंता येतो, नगरपरिषदेचा अधिकारी येतो, लहान ठेकेदार येतो, संगणक कंपनीतला गटप्रमुख येतो आणि गावात पाणीयोजना राबवणारी समितीही येते. पहिल्या भागात तिन्ही पद्धतींची हत्यारे त्यांच्या नेमक्या वापरासह दिली आहेत. दुसऱ्या भागात निवडीच्या कसोट्या आहेत. तिसऱ्या भागात करार, अंदाजपत्रक आणि अहवाल या तीन जागी पद्धत कशी उतरवायची ते आहे. ज्यांच्या हातात आज काम आहे त्यांनी दुसऱ्या भागापासून वाचायला हरकत नाही.

वाचकाला एकच विनंती. पुस्तक उघडण्यापूर्वी आपल्या चालू कामाची यादी एका कागदावर करा. प्रत्येक बाबीपुढे दोन गोष्टी लिहा : यातले आज मला नक्की किती ठाऊक आहे आणि हे चुकले तर उलटवायला काय पडेल. जिथे पुष्कळ ठाऊक आहे आणि उलटवणे महाग आहे तिथे आधी पूर्ण ठरवा. जिथे थोडे ठाऊक आहे आणि उलटवणे स्वस्त आहे तिथे लवकर सुरू करा आणि शिकत जा. जिथे थोडे ठाऊक आहे आणि उलटवणेही महाग आहे तिथे थांबा, लहान प्रयोग करा, माणसांना विचारा आणि मगच पुढचे पाऊल टाका. पैसा आणि माणसांचा जीव सर्वांत जास्त याच तिसऱ्या जागी वाया जातो, म्हणून तिथे घाई करू नका.